व्हिसाविना, प्लॅस्टिकसकट

ज्या देशात जायचं होतं तिथे व्हिसा लागत नाही, हे कळलं त्या दिवसापासून निरीक्षकसाहेबांची झोप उडाली.

एरवी माणसं व्हिसा मिळाला नाही म्हणून झोप गमावतात. पण निरीक्षकसाहेबांची भीती चारचौघांसारखी उठवळ नव्हती. ती विचारपूर्वक जोपासलेली होती. त्यांचं म्हणणं असं, की व्हिसा लागत असला म्हणजे नकार घरबसल्या मिळतो. आपण घरच्या कपड्यांत असतो, हातात चहाचा कप असतो. पाकीट येतं, आपण ते फोडतो, बायकोला "नाही म्हणाले गं" असं सांगतो आणि उरलेला चहा पितो. व्हिसा लागत नसला की तोच नकार त्यांच्या दारात जाऊन घ्यावा लागतो. बूट घालून, सामान हातात धरून, पाठीमागे अख्खी रांग बघत असताना. म्हणजे आधी या म्हणायचं आणि मग भरल्या ताटावरून उठवायचं.

"अहो, व्हिसा लागत नाही म्हणजे काम सोपं झालं," बायको म्हणाली.

"तेच तर. इतकं सोपं का केलं असेल त्यांनी?"

बायकोने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने अशा प्रश्नांना उत्तर न देण्याची कला चांगलीच कमावली होती.

निरीक्षकसाहेब हे नोकरीत लिफ्टचे निरीक्षक होते. आता निवृत्त झाले होते, पण सोसायटीत हाक तीच राहिली. नोकरीभर त्यांनी गावातल्या लिफ्ट तपासल्या. दोर, ब्रेक, दाराची कडी, किती माणसं चढावीत त्याची पाटी. सगळं मनासारखं असलं की आतल्या भिंतीवर 'वापरास योग्य' असं प्रमाणपत्र लावायचं, कोणी चावीने त्यावर रेघोट्या मारू नयेत म्हणून वरून पारदर्शक चिकट फिल्म डकवायची, आणि जिन्याने खाली यायचं. हो, जिन्यानेच. लिफ्ट वरखाली करून दाखवायचं काम लिफ्टमनचं, साहेब बाहेर उभे राहून आवाज ऐकत. लिफ्टच्या पोटात काय काय असतं हे ज्याने पाहिलंय तो तिच्यात पाय ठेवत नाही, असं ते सांगत. त्यामुळे बायको सामान घेऊन लिफ्टने वर पोचायची, कुलूप उघडायची, पंखा लावायची, आणि मग धापा टाकत साहेब यायचे.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यांना त्या फिल्मचं एक अख्खं भेंडोळं भेट दिलं. साहेबांनी ती गंमत मनावर घेतली. विजेचं बिल, लग्नाचा दाखला, वर्तमानपत्रातून कापलेली केकची कृती, नातवाने काढलेला हत्ती, सगळं प्लॅस्टिकखाली गेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीलाही त्यांनी फिल्म लावली. पुढच्या खेपेला डॉक्टर तिच्यावर नवीन गोळी लिहायला गेले तर पेन घसरलं. पुन्हा घसरलं. शेवटी डॉक्टरांनी गोळीचं नाव तोंडी सांगितलं आणि पेशंटकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. यावरून माणूस काही शिकला असता. साहेब शिकले नाहीत, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

आता परदेशी जायचंच कशाला? तर तिथे ताई होती. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा या ताईनेच धाकटीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत पोचवलं, आजारपणं काढली. स्वतःचं लग्नसुद्धा धाकटीचं शिक्षण संपेपर्यंत लांबवलं. मग लग्न करून ती त्या देशात गेली आणि तिथलीच झाली. अधूनमधून यायची. पण आता नवरा राहिला नव्हता आणि गुडघ्यांनी कायमचा संप पुकारला होता. एका दुपारी तिचा फोन आला. "मला आता विमानात बसवत नाही गं. तू ये. एकदा तुला डोळे भरून बघू दे."

बायकोने फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला जायचंय." संसारात तिने फारसं काही मागितलं नव्हतं. जे मागितलं ते मिक्सर, शिलाई मशीन असलं घराच्याच उपयोगाचं. साहेब चटकन "जाऊ या" म्हणाले. तिला ताईच्या दारापर्यंत न्यायचं आणि आपल्या एखाद्या चुकीपायी तिथून परत आणायचं, हे चित्र तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. परदेशात हरवण्याची, आजारी पडण्याची, विमान पडण्याचीसुद्धा त्यांना भीती होतीच. पण या एका भीतीपुढे बाकीच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिकिटं काढून देणाऱ्या बाईंचं ऑफिस बाजारात होतं. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर बर्फाळ डोंगराचं पोस्टर. बाईंनी प्रवेशाच्या अटी वाचून दाखवल्या. पासपोर्टची मुदत पुरेशी शिल्लक हवी. परतीचं तिकीट हवं. राहायचा पत्ता हवा. खर्चापुरते पैसे जवळ हवेत. पासपोर्ट चांगल्या स्थितीत हवा. "झालं, एवढंच," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर मिटायला घेतला.

"खाली अजून एक ओळ दिसतेय," साहेब म्हणाले. बारीक अक्षर वाचणं हा त्यांचा जुना धंदा.

"ती सगळीकडेच असते. प्रवेश द्यायचा की नाही याचा अंतिम निर्णय हजर असलेल्या अधिकाऱ्याचा."

साहेबांचा चेहरा उतरला. मुदत, तिकीट, पत्ता, पैसे, या सगळ्याची तजवीज करता येते. हजर असलेल्या अधिकाऱ्याची काय तजवीज करणार? आणि अधिकारी ही काय चीज असते हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. दाढ दुखत होती म्हणून एकदा त्यांनी स्वतः एका धडधाकट लिफ्टला महिनाभर टाळं लावलं होतं.

"बहिणीकडे राहणार असलो तर चालतं ना?" बायकोने विचारलं.

"न चालायला काय झालं? बहिणीचा पत्ता द्या. मजेत जा."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोसायटीत परतताना जिन्यात विमा एजंट भेटला. तो तळमजल्यावर राहायचा, आणि साहेब रोज जिन्याने जात असल्यामुळे त्याच्या तावडीत सापडणारा सोसायटीतला एकमेव माणूस तेच होते. आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून पोट भरलेला हा गृहस्थ. सगळं ऐकून घेतल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, बहीण आहे असं चुकूनही बोलू नका."

"का?"

"नातेवाईक निघाले की त्यांना वाटतं, हे इथेच ठाण मांडणार. म्हातारी बहीण म्हटलं की संपलंच. म्हणतील, सेवा करायला आलात, म्हणजे कामाला आलात, म्हणजे पर्यटक नाही. पुढच्या विमानाने परत. वहिनींना नीट पढवून ठेवा. आमचं इथे कोणी नाही, आम्ही हवा खायला आलो, बास."

"पण तिकीटवाल्या बाई तर म्हणाल्या..."

"त्यांची काय, तिकिटं खपली. आणि पासपोर्ट जपा बरं का. आमच्या एका पाहुण्याच्या पासपोर्टवर विमानात चहा सांडला. एवढासा डाग. 'खराब पासपोर्ट' म्हणून दारातून परत पाठवलं. बायको आत, हा बाहेर. तिने एकटीने फोटो काढले."

'बायको आत, हा बाहेर' हे शब्द घेऊन साहेब जिना चढले. त्या दिवशी त्यांना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक खिडकी होती. साहेब चष्मा लावून आतल्या बाजूला अधिकारी म्हणून बसले. बायको बॅग घेऊन बाहेर.

"येण्याचं कारण?"

"ताईला भेटायला."

"चूक. पर्यटन. काय काय बघणार?"

"ताईला."

"अगं, तलाव बघणार, मनोरा बघणार. इथे ओळखीचं कोणी आहे?"

"अहो, मागे दूध उतू जातंय, गॅस बंद करा आधी."

अधिकाऱ्याने गॅस बंद केला आणि ओटा पुसला. मग दोघांचं थोडं वाजलं. बायकोचं म्हणणं, जिने मला न्हाऊमाखू घातलं तिला मी परक्याच्या तोंडावर नाही म्हणणार नाही. साहेबांचं म्हणणं, नाही म्हणशील तर तिला भेटशील. दोन्ही बाजू बिनतोड असल्यामुळे भांडण मिटलं नाही, नुसतं थंड झालं. साहेबांनी खबरदारी म्हणून एका हॉटेलातही खोली राखून ठेवली आणि त्याच्या कागदाला फिल्म लावली.

मग एका दुपारी त्यांची नजर पासपोर्टवर गेली. केवढीशी वही, आणि सगळा प्रवास तिच्या जिवावर. चहा सांडेल, पाणी सांडेल, घामाने शाई उतरेल. फोटोच्या पानाला सरकारने स्वतःच प्लॅस्टिक लावलं होतं, पण बाकीची पानं अगदी उघडी. साहेबांना सरकारचा हा अर्धवटपणा खटकला. त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, पट्टी, कात्री, मऊ फडकं आणि भेंडोळं घेतलं आणि एकेक पान झाकायला घेतलं. हात सराईत होता. एक बुडबुडा राहिला नाही, एक कड वाकडी गेली नाही. नोकरीत इतकं सुबक काम त्यांनी क्वचितच केलं असेल. संध्याकाळी पासपोर्ट फुगला होता, मिटत नव्हता, पण त्यावर चहाची किटली ओतली असती तरी काही बिघडलं नसतं.

"तुझा दे," ते बायकोला म्हणाले.

बायकोने टेबलाकडे पाहिलं. नातवाच्या हत्तीच्या वेळचा अनुभव तिच्या गाठीशी होता. नातू नंतर त्याला रंग द्यायला बसला आणि रडत उठला. "माझा मी सांभाळते," ती म्हणाली, आणि तिने तो पिठाच्या डब्यात असा काही खुपसला, की निघायच्या दिवसापर्यंत साहेबांना सापडला नाही.

निघताना आपल्या बाजूला काही झालं नाही. विमान कंपनीच्या मुलीने फोटोचं पान पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि फोटोच बरा आहे असं तिच्या चेहऱ्यावर उमटून गेलं. पुढे माणूस नव्हताच, यंत्र होतं. पासपोर्ट पालथा ठेवला, हिरवा दिवा लागला, फाटक उघडलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला खरा, पण यंत्राने इतक्या सहज का सोडलं, याची काळजी त्यांनी विमानात पुरवून पुरवून केली.

सकाळी विमान उतरलं. विमानतळ लहानसा होता. एक लांब हॉल, दोन रांगा, दोन काचेच्या खिडक्या. बायको रांगेतून टाचा उंचावून पलीकडे बघत होती, ताई कुठे दिसते का ते. आणि साहेब सवयीप्रमाणे भिंतीवरच्या पाट्या वाचत होते. तिसऱ्या पाटीपाशी ते थांबले. शिक्क्यासाठी पासपोर्टात कोरी पानं असणं आवश्यक आहे. पानांवर काही चिकटवलेलं, खरडलेलं अथवा बदललेलं आढळल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. शेजारी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, एका पासपोर्टचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

साहेबांच्या कानांत दडे बसले. हातातला पासपोर्ट एकाएकी जड झाला. त्यांनी कोपऱ्यात वळून एका पानाची फिल्म नखाने उचकटून पाहिली. फिल्मबरोबर पानही निघायला लागलं. त्यांनी घाईने ते दाबून बसवलं. डॉक्टरांचं घसरणारं पेन आता त्यांना आठवलं. फार उशिरा आठवलं.

बायको आत, हा बाहेर. रांग पुढे सरकत होती. दोघं एकत्र गेली तर एकाच्या पापाने दोघांना परत पाठवतील, एवढंच त्यांना त्या क्षणी कळत होतं.

"तू त्या पलीकडच्या रांगेत जा," ते म्हणाले.

"का हो?"

"जा म्हणतो ना. आणि माझ्याकडे बघू नकोस. काही झालं तरी थांबू नकोस. मला परत पाठवलं तर तू ताईकडे जा. आपली ओळख नाही."

"कोणाची ओळख नाही?"

"तुझी माझी."

बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मग फुगलेल्या पासपोर्टकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. "अहो, असं काय बोलता," ती म्हणाली, पण तोवर साहेबांनी तिची बॅग दुसऱ्या रांगेत ढकलली होती आणि ते छताकडे बघत उभे होते. तिला एकटीला पुढे पाठवताना त्यांना भडभडून आलं. ते दिसू नये म्हणून ते छतातले दिवे मोजल्यासारखं करत राहिले.

बायकोच्या खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला. ती काय बोलली ते साहेबांना ऐकू आलं नाही, पण तिने दोन्ही हातांनी गुडघे दाखवले, त्यावरून ताईचं सगळं सांगून झालं हे कळलं. आता हिलाही ठेवून घेतात, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा शिक्का पडला होता आणि ती पलीकडे गेली होती.

साहेबांच्या खिडकीत मुलीच्या वयाची एक अधिकारी होती. तिने काहीच विचारलं नाही. फोटोचं पान यंत्रावर ठेवलं, "वेलकम" म्हणाली, पान उलटलं, शिक्का मारला. शिक्क्याची शाई पानावर थेंब थेंब होऊन गोळा झाली आणि घरंगळत साहेबांच्या दिशेने निघाली. तिने अंगठ्याने ती टिपली, दुसरं पान काढलं, पुन्हा शिक्का मारला. तिसरं काढलं. मग तिने पासपोर्ट दिव्यासमोर धरला आणि वेलकम म्हणताना आलेलं हसू परत घेतलं. पाठीमागची रांग माना उंचावून बघू लागली. घंटा वाजवून तिने कोणाला तरी बोलावलं.

साहेबांना ज्या खोलीत नेलं ती स्वच्छ होती, हे त्यांना विशेष भयानक वाटलं. टेबलामागे त्यांच्याच वयाचा एक वरिष्ठ अधिकारी होता. एक भिंत अख्खी काचेची, पलीकडे बाहेर पडणाऱ्यांची गर्दी. साहेबांची बॅग उघडली गेली. फिल्म लावलेलं तिकीट, फिल्म लावलेली हॉटेलची पावती, फिल्म लावलेली औषधांची चिठ्ठी. तळाशी भेंडोळं. साहेबांनी ते का आणलं होतं? तर प्रवेशाचा शिक्का पडला की लगेच त्यालाही झाकता यावं म्हणून.

"हे तुम्ही केलंत?" अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं.

"हो."

"का?"

तालमीत हा प्रश्न नव्हता. "खराब होऊ नये म्हणून," ते जुळवाजुळव करत म्हणाले.

अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग बॅगेतलं साहेबांचं नोकरीचं ओळखपत्र उचललं. त्यालाही फिल्म होती. "तुम्ही स्वतः निरीक्षक होता. तुम्ही पास केलेल्या लिफ्टच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याच कोणी परस्पर असं काही चिकटवलेलं सापडलं असतं तर काय केलं असतंत?"

साहेब खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण प्रश्न धंद्याचा होता, आणि धंद्याच्या बाबतीत त्यांनी आजवर कधी गोलमाल केली नव्हती. "नापास केली असती," ते म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. "या देशात तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

हा प्रश्न मात्र पाठ होता. बुडत्याला फळी मिळाल्यासारखे साहेब त्याच्यावर तुटून पडले. "कोणीही नाही. आम्ही, म्हणजे मी, एकटाच हवा खायला आलोय. तलाव बघणार. मनोरा बघणार."

अधिकारी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागला. साहेबांनी वळून पाहिलं. काचेच्या पलीकडे बायको उभी होती. तिच्या एका हातात चाकाच्या खुर्चीची मूठ होती आणि खुर्चीत पांढऱ्या केसांची ताई होती. दोघींचे डोळे रडून लाल झाले होते आणि दोघी मिळून साहेबांकडे बोट दाखवत, काचेवर टकटक करत होत्या.

"त्या बायका कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी ओळखत नाही."

"त्या तुम्हाला ओळखतात असं दिसतंय."

"गैरसमज होतो माणसांचा," साहेब म्हणाले. बायको पोचली होती. ताईचा हात तिच्या हातात होता. आता आपण ओळख दाखवली तर तिलाही आत बोलावतील, तिचा शिक्का खोडतील, आणि तो हात सुटेल. त्यांनी काचेकडे पाठ केली आणि ती परत वळवली नाही. "मी एकटा आहे. मला परत पाठवा. लगेच पाठवा. माझी तक्रार नाही."

अधिकारी उठला, दारातून बाहेर गेला आणि दोन्ही बायकांना घेऊन आला. साहेबांनी डोळे घट्ट मिटले.

"हे तुमचे कोण?"

"नवरा," बायको म्हणाली. "आणि हे ओळखत नाही म्हणाले असतील तर तसं मलाही सांगितलंय त्यांनी रांगेत. मला एकटीला तरी आत सोडावं म्हणून." मग पुढचं सगळं ताईने तिच्या वतीने तिथल्या भाषेत सांगितलं. मध्येच बायकोने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. 'ही बाई हरवल्यास कळवावे', खाली साहेबांचा फोन नंबर, वर फिल्म. "घरात सगळ्यांच्या खिशात हे एकेक घातलंय यांनी," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "साहेब, लबाडी करणारा माणूस एवढा घाबरतो का हो?"

ताईने हेही भाषांतर करून सांगितलं. साहेबांनी एक डोळा उघडला. अधिकारी ते कार्ड हातात घेऊन बघत होता. नियमाप्रमाणे त्याने परत पाठवायला हवं होतं, साहेबांनी स्वतः तरी तेच केलं असतं. पण अंतिम निर्णय हजर असलेल्या अधिकाऱ्याचा, आणि या अधिकाऱ्याची दाढ त्या दिवशी दुखत नसावी. त्याने एका वेगळ्या कागदावर शिक्का मारला, सही केली आणि कागद पुढे सरकवला. "जाताना हा दाखवा. घरी गेलात की पासपोर्ट नवा करून घ्या." भेंडोळं मात्र त्याने आपल्या खणात टाकलं. "आणि या कागदाला काहीही लावू नका."

साहेबांनी तो उघडा कागद दोन्ही हातांत असा धरला, की जणू तो श्वासानेही फाटेल.

ताईची इमारत उंच होती आणि तिचं घर अगदी वरच्या बाजूला. गाडीतून उतरल्यापासून दोघी बहिणी एकमेकींचं वाक्य तोडत बोलत होत्या. लिफ्टचं दार उघडलं, बायकोने खुर्ची आत ढकलली आणि सवयीने म्हणाली, "तुम्ही या सावकाश जिन्याने. आम्ही जातो पुढे."

साहेब जिन्याकडे वळलेच होते. जिना रुंद होता, कठडा मजबूत. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते थांबले. आम्ही जातो पुढे. सकाळी ती एकदा पुढे गेली होती तेव्हा काय वाटलं होतं ते अजून छातीत तसंच होतं. ते मागे फिरले आणि दार बंद होता होता आत शिरले.

"अहो?" बायको म्हणाली.

"बघतो जरा," ते म्हणाले.

दोर कुठला, कधी बदलला, ब्रेकला तेल आहे की नाही, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम ओरडायला लागलं. त्यांना दरदरून घाम फुटला. भिंतीवर प्रमाणपत्र होतं. भाषा कळत नव्हती, पण तारखा सगळीकडे सारख्याच दिसतात. मुदत संपून गेली होती. वर फिल्मही नव्हती, कोणीतरी चावीने रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. नोकरीत असते तर त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना बाहेर काढून टाळं ठोकलं असतं.

त्यांनी ताईकडे पाहिलं. तिने धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती काहीतरी जुनं सांगून हसत होती. बायको हसता हसता यांच्याकडे वळली, यांच्या कपाळावरचा घाम तिने पाहिला आणि तिचं हसू थांबलं.

"काय हो? ठीक आहे ना?"

साहेबांनी तिच्या खांद्याला धरलं. "वापरास योग्य आहे," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.